संतांच्या घरातले सगळेच आपल्या घरात आणायचे का?

संत झालेल्या आईवडिलांची चरित्रे वाचताना एक प्रश्न हटकून पुढे येतो: त्यांनी केले ते सगळे आपणही करायचे का? सरळ उत्तर आहे, नाही. संतपदाची चौकशी चालते तेव्हा ख्रिस्तसभा (कॅथलिक चर्च) त्या व्यक्तीची श्रद्धा, आशा, प्रीती आणि विवेक, न्याय, धैर्य, संयम हे सद्गुण असामान्य कोटीला पोचले होते का, ते तपासते. रक्तसाक्षी असेल तर श्रद्धेसाठी प्राण दिला का, ते पाहते. मुलांना कोणत्या शाळेत घातले, किती मुले झाली, आजारपणात कोणता उपचार घेतला, हे निर्णय सगळ्या घरांना लागू आहेत असे ती कधीच म्हणत नाही.

शिवाय सगळ्यांचे अनुकरण करायचे म्हटले तरी ते शक्य नाही, कारण संतांचे आपापसांत जुळत नाही. इंग्लंडचे संत थॉमस मोर यांनी मुलींना लॅटिन आणि ग्रीक शिकवण्याची सोय घरातच केली. लुई आणि झेली मार्टिन, म्हणजे संत छोट्या तेरेजाचे आईवडील, यांनी थोरल्या मुलींना धर्मभगिनींच्या निवासी शाळेत ठेवले. झेली फ्रान्समधल्या अलाँसाँ इथे लेसचा व्यवसाय सांभाळत होत्या, इटलीच्या संत जियान्ना बेरेट्टा मोल्ला डॉक्टर होत्या. मुलांसाठी झटणारे धर्मगुरू संत डॉन बॉस्को यांच्या आई मार्गेरिता यांना लिहितावाचता येत नव्हते. तरुणपणीच वैधव्य आले आणि त्यांनी शेतात राबून तीन मुलगे वाढवले. आईने नोकरी करावी की नाही, मुलांना घरी शिकवावे की शाळेत, याचे उत्तर संतचरित्रांत शोधणाऱ्याला दोन्ही बाजूंचे पुरावे मिळतात.

मग या चरित्रांतून नेमके काय उचलायचे आणि कसे, याची एक रीत पुढे दिली आहे. ती पती आणि पत्नी दोघांनी मिळून वापरायची आहे.

आधी तो निर्णय पूर्ण लिहून काढा

जे अनुकरणीय वाटते ते एका कागदावर लिहा. ते कोणी केले, कोणत्या वर्षी, घरात तेव्हा कोण कोण होते, पैसा आणि तब्येत कशी होती, कोणाचा सल्ला घेतला होता, आणि शेवटी काय झाले, हे सगळे त्यात आले पाहिजे. बहुतेक चुका इथेच होतात, कारण आपल्याला आठवते ते अर्धेच वाक्य असते.

‘मार्टिन पतिपत्नी रोज पहाटे साडेपाचच्या मिस्सेला (चर्चमधल्या ख्रिस्तयागाला) जायचे’ हे अर्धे वाक्य झाले. त्यांच्या घरी मोलकरीण राहायला होती आणि धंदा स्वतःचा होता, हे उरलेले अर्धे. दोन वर्षांचे मूल आणि तान्हे बाळ घरात असलेल्या, रात्रीतून तीनदा उठणाऱ्या आईने पहिले अर्धे उचलले की महिनाभरात ती आजारी पडते किंवा घरात सगळ्यांवर ओरडू लागते, आणि दोष मात्र स्वतःच्या श्रद्धेला देते. रविवारची आणि बंधनकारक सणांची मिस्सा हे कर्तव्य आहे. रोजची मिस्सा ही मोठी कृपा आहे, पण बंधन नाही. आलटून पालटून एक दिवस आईने आणि एक दिवस बाबांनी जाणे, हे अशा घराला झेपते.

मग तो कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा

काही निर्णय आज्ञेतून आलेले असतात. लुई मार्टिन यांचे घड्याळांचे दुकान होते आणि गिऱ्हाईक गेले तरी ते रविवारी उघडत नसत. हे उचलायचेच, कारण प्रभूचा दिवस पाळणे तुम्हालाही तितकेच बंधनकारक आहे. त्यातही रुग्णालय, पोलीस, अग्निशमन, वीजपुरवठा अशा आवश्यक सेवेत असलेल्यांना ख्रिस्तसभा दोषी धरत नाही. त्यांनी आदल्या संध्याकाळची मिस्सा साधावी (ती कॅनन १२४८, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे कलम १२४८, यानुसार चालते) आणि कुटुंबासोबतची विश्रांती दुसऱ्या दिवशी घ्यावी.

काही निर्णय त्या काळच्या नियमातून किंवा रूढीतून आलेले असतात, आणि तिथे अनुकरण केले तर आजचा नियम मोडतो. चौथ्या शतकातल्या संत मोनिका यांनी आपल्या मुलाचा, पुढे संत झालेल्या ऑगस्टीनचा, बाप्तिस्मा लहानपणी लांबवला. त्या काळी तसे सर्रास होत असे. ऑगस्टीन यांचा बाप्तिस्मा मिलान इथे ३८७ मध्ये, वयाच्या तिशीनंतर झाला. आज कॅनन ८६७ सांगतो की जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांतच बाळाचा बाप्तिस्मा करावा. छोट्या तेरेजाने पहिला ख्रिस्तप्रसाद ८ मे १८८४ रोजी, अकराव्या वर्षी घेतला. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये हे वय साधारण सातव्या वर्षावर आणले, म्हणून तेरेजाचे उदाहरण देऊन मुलाला थांबवून ठेवणे योग्य नाही. ती पंधराव्या वर्षी कार्मेल मठात गेली आणि जानेवारी १८८९ मध्ये, सोळाव्या वर्षी तिला मठाचा झगा मिळाला. आज १७ वर्षे पूर्ण होण्याआधी नवदीक्षितेचा काळ सुरू केला तर तो कॅनन ६४३ नुसार ग्राह्यच धरला जात नाही.

काही निर्णय निव्वळ अगतिकतेचे असतात. झेली यांना काही बाळांना अंगावर पाजणे शक्य झाले नाही, म्हणून ती दाईकडे ठेवावी लागली. तेरेजा १८७३ च्या मार्चपासून वर्षभराहून अधिक काळ सेमाले गावी रोझ ताये या दाईच्या घरी होती आणि तिथेच जगली, वाढली. तिच्या आधीची एक बहीण मात्र १८७० मध्ये दुसऱ्या एका दाईच्या हलगर्जीपणामुळे दगावली. या प्रसंगातून घ्यायचे एवढेच: आपल्याला जमत नाही तेव्हा मदत मागायची, आणि मदतनीसाकडे स्वतः जाऊन बघायचे.

काही वेळा ती उणीवच असते. हे म्हणताना आपण कचरतो, पण म्हटले पाहिजे. मार्टिन यांच्या घरातली मोलकरीण लुईज मधल्या लेओनीला धाक दाखवून, छळून ताब्यात ठेवत होती आणि आईला ते वर्षानुवर्षे कळले नाही. १८७७ मध्ये, झेली यांच्या मृत्यूच्या काही महिने आधी, थोरल्या मेरीच्या लक्षात ते आले. लेओनी हट्टी, अभ्यासात मागे, शाळेने परत पाठवलेली मुलगी. सगळ्यांनी तिच्या स्वभावाला दोष दिला होता. झेली यांची २०० हून अधिक पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांत हे दुःख त्यांनी झाकलेले नाही. मूल सतत ‘अवघड’ वागत असेल तर त्याच्याबरोबर एकटे कोण असते, हे आधी तपासा. शिकवणीचे शिक्षक, गाडीचालक, नातेवाईक, धर्मशिक्षण देणारे, कोणालाही यातून वगळू नका. मुलाशी रोज दहा मिनिटे तिसरे कोणी नसताना बोला.

आणि उरतो तो सल्ला: सगळ्यांना बंधनकारक नसलेले, पण देवाने काहींना बोलावले असेल असे काही. सगळ्यात जास्त गोंधळ याच ठिकाणी होतो.

दांपत्यजीवनातला संयम

लुई आणि झेली यांचे लग्न १३ जुलै १८५८ रोजी झाले आणि सुरुवातीचे सुमारे दहा महिने ते भावाबहिणीसारखे राहिले. पुढे एका धर्मगुरूंच्या सल्ल्याने त्यांनी तो विचार सोडला. त्यांना नऊ मुले झाली, त्यातली चार लहानपणीच गेली. लुईजी आणि मारिया बेल्त्रामे क्वात्रोक्की या इटलीतल्या पतिपत्नींनी उलटे केले: चार मुले झाली, लग्नाला सुमारे २० वर्षे झाली आणि मग आध्यात्मिक मार्गदर्शकाच्या सल्ल्याने दोघांनी शरीरसंबंध न ठेवण्याचे व्रत घेतले. २००१ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. मार्टिन पतिपत्नींना पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये संत घोषित केले.

एका जोडप्याने जे सोडले ते दुसऱ्याने धरले, आणि दोघांनाही पवित्रता लाभली. दोन्हींत समान होते ते दोघांचे एकमत आणि बाहेरच्या जाणत्या माणसाचा सल्ला. तुमच्या घरात अशा संयमाचा विचार आला तर पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सातवा अध्याय, पाचवे वचन आधी वाचा. तिथे तीन अटी स्पष्ट आहेत: परस्परसंमती हवी, काळ ठरलेला हवा, उद्देश प्रार्थनेचा हवा, आणि मग पुन्हा एकत्र यावे. एकाने ठरवले आणि दुसऱ्याने मान खाली घातली तर ती संमती नव्हे. भांडणानंतर, मूल गेल्याच्या दुःखात किंवा बाळंतपणानंतरच्या खचलेल्या मनःस्थितीत असा निर्णय घेऊच नका. त्या वेळी आधार हवा असतो, डॉक्टरांची गरजही असू शकते.

मुलांच्या संख्येबद्दलही थोडक्यात. मार्टिन नऊ, क्वात्रोक्की चार, जियान्ना चार. संख्या पवित्रतेचे माप असती तर हे आकडे जुळले असते. आरोग्य, पैसा, आधीच्या मुलांची गरज अशा योग्य कारणांसाठी नैसर्गिक पद्धतीने दोन मुलांमध्ये अंतर ठेवता येते, असे ख्रिस्तसभेची धर्मशिकवण सांगते. ते निव्वळ स्वार्थातून नसावे, एवढे दोघांनी देवासमोर प्रामाणिकपणे पाहायचे.

आजारपणातले निर्णय

जियान्ना बेरेट्टा मोल्ला यांची गोष्ट जितक्यांदा सांगितली जाते तितक्यांदा चुकते. ‘बाळासाठी उपचार नाकारले’ असे ऐकू येते. तसे झाले नव्हते. १९६१ मध्ये, चौथ्या मुलाच्या वेळी गरोदरपणाच्या दुसऱ्या महिन्यात, त्यांच्या गर्भाशयाला फायब्रॉइडची गाठ असल्याचे दिसले. पुढे तीन मार्ग होते: गर्भाशयच काढणे, गर्भपात करून गाठ काढणे, किंवा बाळाला धक्का न लावता फक्त गाठ काढणे. त्यांनी तिसरा निवडला, शस्त्रक्रिया झाली, आणि २१ एप्रिल १९६२ रोजी मुलगी जन्मली. आठवड्याने, २८ एप्रिलला, पोटातल्या जंतुसंसर्गाने त्या गेल्या.

यातला गर्भपाताचा मार्ग कोणत्याही कॅथलिक आईला खुला नाही. पण आईच्या जिवावर बेतलेला गर्भाशयाचा आजार दूर करण्यासाठी गर्भाशय काढणे ख्रिस्तसभेच्या शिकवणीनुसार चालते, जरी त्यात बाळ वाचणार नाही हे आधी दिसत असले तरी. कारण उपचार आजारावर असतो आणि बाळाचा मृत्यू कोणाला हवा नसतो. म्हणजे जियान्ना यांच्यासमोर एक निर्दोष सोपा मार्ग होता आणि त्यांनी त्याहून मोठा त्याग केला. तो त्याग कोणाकडून मागता येत नाही. पतीने पत्नीकडून नाही, सासूने सुनेकडून नाही, धर्मगुरूंनीही नाही.

असा प्रसंग आलाच तर क्रम असा ठेवा. डॉक्टरांकडून नेमके निदान आणि प्रत्येक मार्गातला धोका लेखी घ्या. थांबायला किती दिवस आहेत ते विचारा. शक्य असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्या. मग नीतिशास्त्र जाणणाऱ्या धर्मगुरूंना त्या कागदांसह भेटा. संतचरित्र त्या दिवसांत प्रार्थनेसाठी जवळ असू द्या, निर्णयाचा आधार म्हणून नको.

मुलांचे उपवास आणि त्याग

लहान मुले संतांच्या गोष्टी मोठ्यांपेक्षा जास्त शब्दशः घेतात. डॉन बॉस्को यांच्या शाळेतला विद्यार्थी संत दोमिनिक साव्हियो अंथरुणात लाकडाचे तुकडे आणि खडे ठेवून झोपायचा, कडाक्याच्या थंडीत अपुरे पांघरूण घ्यायचा. डॉन बॉस्को यांनी त्याला हे बंद करायला लावले आणि परवानगीशिवाय कोणतीच देहदंडना करायची नाही असे बजावले; आज्ञापालन आणि रोजची थंडी, ऊन, आजार न कुरकुरता सोसणे, हाच त्याच्यासाठी त्याग ठरवला. पोर्तुगालमधल्या फातिमा इथे ज्यांना मरियामातेचे दर्शन झाले ती मुले कमरेला खरबरीत दोर बांधत. सप्टेंबर १९१७ च्या दर्शनात, झोपताना तो दोर बांधू नका, फक्त दिवसा बांधा, असे त्यांना सांगितले गेले, अशी नोंद आहे. मुलांना गोष्ट सांगाल तेव्हा हे भागही सांगा. बहुधा तेच गाळले जातात.

नियम लक्षात ठेवायला सोपे आहेत. मांसवर्ज्य १४ वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होते. उपवास, म्हणजे एक पूर्ण जेवण आणि दोन वेळचे मिळून तेवढे न भरणारे थोडके खाणे, १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला. आजारी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांवर उपवासाची सक्ती नाही. चौदाच्या आतल्या मुलाला जेवण तोडायला लावू नका. गोड पदार्थ, मोबाइलवरचा खेळ, भावंडाशी खिडकीजवळच्या जागेवरून होणारे भांडण, यांतले एक त्याने स्वतः निवडावे आणि त्याची मुदत आधी ठरवावी. किशोरवयीन मुलगी उपवासाच्या नावाखाली जेवण टाळत असेल, वजन उतरत असेल, जेवणाच्या वेळी गायब होत असेल तर ‘किती श्रद्धाळू’ म्हणून कौतुक न करता लगेच डॉक्टरांकडे न्या.

मुलांचे पाचारण (देवाचे बोलावणे)

मार्टिन यांच्या पाचही मुली धर्मभगिनी झाल्या: चार लिझ्यू इथल्या कार्मेल मठात, लेओनी काँ इथल्या व्हिजिटेशन मठात, तीही आधीचे प्रयत्न फसल्यावर. क्वात्रोक्की यांचे दोन मुलगे धर्मगुरू, एक मुलगी धर्मभगिनी झाली आणि धाकटी एन्रिकेत्ता कोणत्याही धर्मसंघात गेली नाही. हे फळ आहे, ध्येय म्हणून ठरवता येत नाही. आयुष्याचा मार्ग निवडताना कोणावरही जबरदस्ती होऊ नये हा कॅनन २१९ ने दिलेला हक्क आहे आणि तो तुमच्या मुलांनाही आहे. ‘आमचा हा फादर होणार’ असे पाहुण्यांसमोर म्हणणे हीही एक जबरदस्तीच. प्रार्थना करा, धर्मगुरूंना घरी जेवायला बोलवा, मुलाने विचारले तर मोकळेपणाने बोला.

मूल मोठे होऊन श्रद्धेपासून दूर गेले असेल तर मोनिका यांच्याकडून घ्यायचे ते सातत्य. त्यांनी एका महागुरुस्वामींना (बिशपना), माझ्या मुलाशी वाद घालून त्याला पटवा, अशी विनंती केली. ते म्हणाले, आत्ता त्याला सोडा, त्याच्यासाठी फक्त प्रार्थना करा. पण मुलाच्या भवितव्यासाठी त्याचे लग्न लांबवणे, पुढे स्वतःच लग्न ठरवायला निघणे, यांचे अनुकरण नको. लग्न लांबवण्याबद्दल तर ऑगस्टीन यांनी स्वतःच नाराजी लिहून ठेवली आहे.

घरात आणायचे ते कसे आणायचे

एका वेळी एकच गोष्ट सुरू करा आणि मूळ रूपापेक्षा लहान ठेवा. पाच दशकांच्या (दशक म्हणजे दहा प्रार्थनांचा गट) रोझरीला, म्हणजे मरियामातेच्या जपमाळेला, १५ ते २० मिनिटे लागतात. तीनचार वर्षांच्या मुलासाठी एक दशक, म्हणजे तीनचार मिनिटे, पुरे. शाळकरी मुलांना एकेक दशक स्वतः म्हणायला द्या. गुडघे टेकण्याची सक्ती नको, झोपेची वेळ टळू देऊ नका. महिनाभर चालवा आणि तारीख ठरवून दोघे बसा.

दानधर्माला न्यायाची मर्यादा आहे. कामगारांचे पगार, कर्जाचे हप्ते, भाडे, औषधे, मुलांची फी, आणि मग दान. दुसऱ्याचे देणे थकवून केलेले उदार दान कोणाही संताच्या नावाने समर्थनीय होत नाही.

महिन्याच्या बैठकीत याकडे पाहा: कोणी प्रार्थनेबद्दल खोटे बोलू लागले आहे का, जोडीदार गप्प झाला आहे का, झोप किंवा जेवण तुटले आहे का, दुसऱ्या कुटुंबांबद्दल घरात तुच्छतेने बोलले जाते का. शेवटचे लक्षण सगळ्यात उशिरा ओळखू येते आणि मुलांवर सगळ्यात खोल परिणाम करते. यातले एकही दिसले तर ती गोष्ट निम्म्यावर आणा किंवा थांबवा.

थांबवताना एक अडचण येते: ‘आम्ही देवाला शब्द दिला आहे.’ मनाशी केलेला निश्चय आणि नवस यांत फरक आहे. निश्चय तुम्ही स्वतः बदलू शकता. नवस म्हणजे शक्य असलेल्या आणि अधिक चांगल्या गोष्टीबद्दल देवाला जाणूनबुजून, मोकळेपणाने दिलेले वचन. ते पाळावे लागते. मात्र कॅनन ११९३ नुसार नवस फक्त तो करणाऱ्यालाच बांधतो. वडिलांनी केलेला नवस मुलांवर किंवा पत्नीवर लादता येत नाही. गंभीर आणि अन्याय्य भीतीपोटी केलेला नवस मुळातच रद्द असतो. खरा नवस असेल आणि तो घराला झेपत नसेल तर आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंकडे जा. योग्य कारण असेल आणि त्यामुळे दुसऱ्या कोणाचा हक्क डावलला जात नसेल तर खाजगी नवसातून मोकळे करण्याचा अधिकार त्यांना आहे, किंवा त्याच्या जागी ते हलके सत्कृत्य ठरवून देऊ शकतात. त्यासाठी नवस कधी केला, कोणत्या शब्दांत केला आणि आता काय अडते, एवढे सांगावे लागते.